सगळे ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ म्हणतात, घरात मात्र मार आहे. सांगू कुणाला?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही तालुक्याच्या गावी शाळेत शिक्षिका आहात. लग्नाला पंधरा वर्षं झाली. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. मिस्टर पतसंस्थेत मोठ्या हुद्द्यावर, गणेश मंडळाचे अध्यक्ष, कुणाच्या मयताला आणि कुणाच्या लग्नाला सगळ्यांच्या आधी हजर. गेल्या महिन्यात लग्नाचा वाढदिवस थाटात झाला आणि फोटोखाली नातेवाइकांनी ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ असं लिहिलं. त्याच दिवशी सकाळी त्यांनी तुमचा हात पिरगळला होता, म्हणून तुम्ही लांब बाह्यांचं ब्लाउज घातलं होतं. ते तोंडावर कधी मारत नाहीत. नंतर रडतात, पाया पडतात. तुमचं एटीएम कार्ड त्यांच्याकडे असतं. आईला बीपी आहे, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय. तुम्ही विचारता, याला हिंसाचार म्हणायचा का? सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार? आणि घर मोडायचंच नाही, तर सांगून उपयोग काय?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते बाकीचे दोन त्यावरच अडले आहेत. सांगणं आणि सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुपदेशनाच्या कामात मला भेटलेल्या बहुतेक बायका वर्षानुवर्षं गप्प राहिल्या त्या याच समजुतीपायी. एकदा तोंड उघडलं की मग बॅग भरावी लागेल, वकील करावा लागेल, पोलीस घरी येतील, मुलांचे हाल होतील. म्हणून तोंडच उघडायचं नाही. प्रत्यक्षात तुम्ही उद्या एका माणसाला सांगू शकता आणि परवा त्याच घरात भाकऱ्या थापू शकता. सांगितल्यानंतर काय करायचं हे तुमच्या हातात राहतं. न सांगितल्याने मात्र ते पूर्णपणे त्यांच्या हातात राहतं.

हो, हा हिंसाचारच आहे. ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम’ २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे छळाचे चारही प्रकार स्पष्ट लिहिले आहेत. हात पिरगळणं पहिल्यात आलं. तुमच्याच पगारातून तुम्हाला भाजीपुरते पैसे मोजून मिळणं चौथ्यात आलं. तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात ती गोष्ट, ‘रात्री नाही म्हणायची सोय नाही’, तीही या कायद्यात येते. अठरा वर्षांवरच्या पत्नीवर पतीने केलेल्या जबरदस्तीला आपला फौजदारी कायदा आजही बलात्कार मानत नाही, हे खरं आहे आणि मला ते मान्य नाही. पण २००५ च्या कायद्यापुढे तुम्ही ते मांडू शकता. हाड मोडलं पाहिजे, रक्त आलं पाहिजे अशी अट कुठेच नाही.

‘त्यांना राग आवरत नाही’ असं तुम्ही तीनदा लिहिलंय. जरा शांतपणे बघा. पतसंस्थेत थकबाकीदार तोंडावर शिव्या देऊन जातो तेव्हा राग आवरतो. मंडळाच्या मीटिंगमध्ये कुणी हिशोब मागतो तेव्हा आवरतो. घरात पाहुणे असले की रात्री ते जाईपर्यंत आवरतो. आणि सुटतो तेव्हासुद्धा हात तोंडाकडे जात नाही, जिथे बाही पोचते तिथेच जातो. इतकं भान ज्याला आहे त्याचा ताबा सुटलेला नाही. नंतरचं रडणं खोटं असतं असंही मी म्हणणार नाही, अनेकदा त्या क्षणी ते खरंच असतं. तरीही पुढची खेप येते, कारण माफीनंतर काहीच बदलत नाही. एटीएम कार्ड परत मिळत नाही, मैत्रिणीकडे जायची मोकळीक मिळत नाही, तिसऱ्या माणसासमोर कबुली मिळत नाही. काही दिवस गोडीचे जातात, मग घरात ताण साचायला लागतो, मुलं आवाज न करता वावरायला लागतात, आणि कुठल्या तरी फुटकळ कारणावरून पुन्हा हात उठतो. दोन खेपांमधलं अंतर गेल्या काही वर्षांत कमी होत आलंय का, हे तारखा आठवून एकदा कागदावर लिहून पाहा. लिहून झाल्यावर कागद फाडून टाका.

आता झाकण्याबद्दल. ‘मी पण खोटीच आहे, लोकांसमोर नाटक करते’ असं तुम्ही स्वतःला म्हटलंय. ते मला मुळीच पटत नाही. ज्या घरात राहायचं आहे तिथे आजचा दिवस सुरळीत पार पडावा म्हणून तुम्ही केलेली ती मेहनत आहे. एका बाईंनी मला सांगितलं होतं, हातातल्या काचेच्या बांगड्या फुटल्या की संध्याकाळच्या आत त्याच रंगाच्या, त्याच नक्षीच्या आणून भरायच्या, कारण सासूबाईंचं लक्ष आधी मनगटाकडे जातं. कासारणीकडे जाताना मनगटावरच्या कापल्याला हळद लावून वर रुमाल बांधायचा आणि ‘विळीवर कापलं’ म्हणायचं. त्यांच्या पर्समध्ये दोन डझन हिरव्या बांगड्या कागदात गुंडाळून कायम असत, ऐनवेळी धावपळ नको म्हणून. ज्या बाईला इतकं पुढचं सुचतं तिच्यात हिंमत नाही असं कुणी म्हणू नये. तुमचं लांब बाह्यांचं ब्लाउज त्यातलंच. फक्त ही सगळी हुशारी आजवर त्यांची अब्रू सांभाळायला खर्च झाली. त्यातली थोडी आता स्वतःसाठी वळवायची आहे.

आणि तुम्ही एकट्या नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. त्यात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी देशात सुमारे २९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी देशभरात ७७ टक्के जणींनी ना मदत मागितली, ना कुणाजवळ बोलल्या. तुमच्या हळदीकुंकवाला जेवढ्या बायका येतात त्यातल्या दर चौघींत एक, असा हिशोब करून पाहा. त्यातली प्रत्येक जण तुमच्याकडे बघून मनात म्हणत असेल, ‘बाई सुखी आहे.’ तोंड दाबून बुक्क्यांचा मार असा घराघरांत चालू राहतो तो यामुळेच. प्रत्येकीला वाटतं, आपलंच तेवढं फाटलंय.

सांगायचं कुणाला? आईला सगळ्यात आधी सांगायलाच हवं असं नाही. बीपीचं कारण तुम्ही दिलंत, पण त्यामागे ‘आई म्हणेल, सोस जरा, धाकटीचं लग्न होऊ दे’ ही भीतीही असावी असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. तसं असेल तर पहिला माणूस दुसरा निवडा. मी नेहमी तीन गोष्टी बघायला सांगते. तो माणूस पोटात ठेवणारा असावा, तुमच्या मिस्टरांच्या पैशात किंवा उपकारात नसावा, आणि रात्री फोन केला तर उचलणारा असावा. अनेकदा ही व्यक्ती सख्खं नातेवाईक नसतेच. शाळेतली एखादी सहकारी, कॉलेजची मैत्रीण, मामेबहीण, चुलत जाऊसुद्धा. जावेला अनेकदा आधीच माहीत असतं, कारण ती त्याच घरात वाढलेल्या माणसाबरोबर राहते.

सुरुवात कशी करायची हेही अडतं, म्हणून शब्दच देते. ‘मला तुला एक सांगायचंय. सल्ला आत्ता नको, नुसतं ऐकून घे. आमच्या घरी हे माझ्यावर हात उचलतात. तू त्यांच्याशी यातलं एक अक्षर बोलू नकोस, त्याने मला जास्त त्रास होईल. मी रात्री तुला नुसतं “उद्याचा डबा” असं पाठवलं तर मला फोन कर, मी उचलला नाही तर ११२ ला, म्हणजे पोलिसांना, कळव.’ एवढं पुरे. हे सांगून झाल्यावर तुम्ही घरी जाऊन कुकर लावलात तरी एक मोठी गोष्ट झालेली असते. तुमच्याबद्दल खरं जाणणारा एक माणूस गावात आहे.

हे वाचणाऱ्यांत अशी मैत्रीण किंवा बहीण असेल तर तिच्यासाठी इथेच दोन शब्द. ‘पण ते तर किती चांगले आहेत!’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ते ऐकलं की बाई पुन्हा दोन-पाच वर्षं बोलत नाही. ‘मग सोडत का नाहीस?’ हेही नको. ‘भांड्याला भांडं लागणारच’ तर अजिबात नको. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, माझा विश्वास आहे, तुला काय हवंय?’ इतकंच विचारा. तावातावाने त्याला जाब विचारायला जाऊ नका. तुम्ही जाब विचारून आपल्या घरी परत याल, त्याची किंमत ती रात्री मोजेल.

याच कारणासाठी चार माणसं बसवून समजूत घालण्याच्या प्रकाराला मी सध्या नाही म्हणेन. तंटामुक्ती समिती असो की भावकीतले वडीलधारे, तुमच्या गावात त्या बैठकीतल्या बहुतेकांशी तुमच्या मिस्टरांचे जुने संबंध आहेत. त्यांच्यासमोर, मिस्टर शेजारी बसलेले असताना तुम्हाला बोलायला लावणार, शेवटी दोघांनाही ‘थोडं थोडं सांभाळून घ्या’ म्हणणार. मार खाणाऱ्याने काय सांभाळून घ्यायचं असतं? नवरा-बायकोने एकत्र बसून करायचं समुपदेशनसुद्धा मार चालू असताना करू नये, असंच माझं ठाम मत आहे. तिथे खरं बोललं की घरी त्याचा वचपा निघतो.

आता जिथे थांबून वाचायचं ती गोष्ट. त्यांनी कधी तुमचा गळा दाबलाय का? उशीने तोंड दाबलंय का? तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण बायका बहुतेक वेळा स्वतःहून ते सांगत नाहीत, ‘जरा गळ्याला हात लावला’ एवढ्यावर सोडून देतात. गळा दाबण्याची घटना एकदा जरी झालेली असेल तर पुढे जीवघेणा हल्ला होण्याचा धोका कितीतरी वाढलेला असतो, हे जगभरच्या अभ्यासांतून पुढे आलंय. बाहेर वळ दिसत नसला तरी आत इजा असू शकते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, श्वासाला त्रास, चक्कर, डोळ्यांत लाल ठिपके, त्या वेळी नकळत लघवी होणं, यातलं काहीही झालं असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं आणि गळा दाबला हे शब्द उच्चारून सांगायचं. तशीच काळजी करण्यासारखी बाकीची लक्षणं म्हणजे जाळून टाकेन, मुलांना संपवेन, मी स्वतःला संपवेन अशा धमक्या, घरात हत्यार, सारखा संशय, फोन तपासणं, गरोदरपणातली मारहाण. यातलं काही तुमच्याकडे असेल तर ‘हळूहळू बघू’ हा माझा सल्ला तुम्हाला लागू नाही. आधी सुरक्षित जागा, मग बाकी सगळं. आणखी एक, बाई घर सोडायला निघते तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो. म्हणून ‘मी जाते आता माहेरी’ हे भांडणात, रागाच्या भरात कधीही सांगायचं नाही. जायचंच ठरलं तर न सांगता, दिवसाउजेडी, मुलांसह, ठरवून.

मार सुरू झालाच तर स्वयंपाकघर आणि बाथरूम या दोन जागा टाळा. एकीत सुऱ्या आणि गॅस, दुसरीला दुसरं दार नाही. बाहेरच्या दाराकडे सरका. मुलीला आजच सांगून ठेवा की तिने मध्ये पडायचं नाही, भावाला घेऊन शेजारी जायचं आणि तिथून ११२ लावायचा. तिला काही माहीत नाही असं तुम्ही लिहिलंय. आठवीतल्या मुलीला माहीत असतं ताई. शाळेतून आल्यावर ती दारातच थांबून आत काय वातावरण आहे याचा अंदाज घेते का, एवढं बघा. तिला सांगायचं ते इतकंच: बाबा वागतात ते चूक आहे, तुझ्यामुळे काही होत नाही, आणि मी मदत घेतेय.

विश्वास कोण ठेवणार, या प्रश्नाकडे येते. बाहेर त्यांची जी प्रतिमा आहे ती पाहून तुम्हाला वाटतं की आपल्याकडे पुरावा शून्य. तसं नसतं. २००५ च्या कायद्याखालच्या अर्जात तुमची स्वतःची साक्ष हाच मोठा पुरावा असतो. बंद दाराआड साक्षीदार कुठून येणार, हे न्यायालयालाही कळतं. त्या साक्षीला बळ देणाऱ्या गोष्टी जमवत जायच्या. प्रत्येक खेपेची तारीख, वेळ, काय घडलं, मुलं कुठे होती, हे चार ओळींत लिहा आणि तो कागद घरात न ठेवता मैत्रिणीकडे द्या. वळाचा फोटो काढताना एक जवळून आणि एक चेहरा दिसेल असा काढा, मैत्रिणीला पाठवा आणि आपल्या फोनमधून पूर्ण काढून टाका. मैत्रिणीने तो तिच्या मूळ फोनमध्ये तसाच ठेवावा, कारण पुढे न्यायालयात अशा गोष्टी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह द्याव्या लागतात आणि त्या वेळी मूळ फोन कामाला येतो. ‘माफ कर, परत हात उचलणार नाही’ असे त्यांचे जे मेसेज तुम्हाला येतात, ते तुम्ही दिलासा म्हणून वाचता. ती लेखी कबुली आहे. त्यांचे स्क्रीनशॉटही मैत्रिणीकडे.

दवाखान्याचा केसपेपर फार मोलाचा. ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ सांगितलं की कागदावर तेच येतं आणि पुढे तेच तुमच्या विरोधात वाचलं जातं. ‘पतीने हात पिरगळल्याचे रुग्ण सांगतात’ एवढी एक ओळ केसपेपरवर आली की काम झालं. दवाखाना पोलिसांना कळवू शकतो. तक्रार आत्ता करायची नसेल तर तसं तुम्ही तिथे सांगू शकता. तुमच्या गावातले डॉक्टर मिस्टरांचे मित्र असतील, म्हणून जिल्हा रुग्णालयात जा. बायका पोलीस ठाण्याच्या कितीतरी आधी दवाखान्यात पोचतात हे ओळखूनच मुंबईत महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं होतं.

त्या वाढदिवसाच्या फोटोची भीती सोडा. समोरचे वकील असे फोटो दाखवतात, हो. ‘बघा साहेब, किती सुखी होत्या.’ त्याच तारखेचा, त्याच हाताच्या वळाचा फोटो मैत्रिणीकडे असला की त्या हसऱ्या फोटोचा अर्थ आपोआप बदलतो. तो आता काढून टाकू नका, नुसत्या त्यानेही संशय येईल.

कायद्याच्या वाटेने जायचं की नाही हे नंतर ठरवा, पण वाट कशी आहे ते आत्ता माहीत असू द्या, कारण ‘तक्रार म्हणजे त्यांना बेड्या आणि संस्थेतली नोकरी गेली’ ही भीती तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. २००५ च्या कायद्याचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो आणि तो अटकेसाठी नसतो. त्यात तुम्ही मागता ते आदेश असे: मारहाण करू नये, घरातून काढू नये, दरमहा खर्च द्यावा, माझं स्त्रीधन परत द्यावं, मुलं माझ्याकडे राहावीत. घरात राहूनही हा अर्ज करता येतो. घटस्फोट मागावा लागत नाही. निकालाला कायद्यात साठ दिवसांची मुदत लिहिली आहे, प्रत्यक्षात बरेचदा जास्त लागतात, म्हणून कलम २३ खाली अंतरिम आदेश आधी मागायचा असतो. संरक्षण आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माहेरी राहायला गेलात तर तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो.

‘घर सासऱ्यांच्या नावावर आहे, चालती हो म्हणतात’ असं तुम्ही लिहिलंत. लग्नानंतर तुम्ही ज्या घरात नांदलात तिथे राहण्याचा हक्क कलम १७ देतं. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात दिला. मालकी मिळत नाही, पण कायद्याची रीतसर प्रक्रिया केल्याशिवाय हाताला धरून बाहेर काढता येत नाही.

फौजदारी वाट वेगळी. नवऱ्याकडून किंवा सासरकडून होणाऱ्या छळाचं पूर्वीचं कलम ४९८-अ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. त्यातून अटक होऊ शकते. जिवाला धोका असेल तर त्याच वाटेने जायचं, तिथे अब्रूचा विचार करायचा नाही.

जायचं कुठे? तालुक्याला किंवा जिल्ह्याला महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे पैसे लागत नाहीत. त्यांनी कौटुंबिक घटना अहवाल भरला की तो न्यायालयाकडे जातो आणि प्रत पोलीस ठाण्यालाही जाते. म्हणून पहिल्या भेटीत नुसती माहिती घ्या, अहवाल कधी भरायचा ते बोलून ठरवा. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. आज महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत पोलिसांच्या आवारात असे कक्ष आहेत आणि तिथे बसतात ते समाजकार्याचं शिक्षण घेतलेले लोक, वर्दीतले नाहीत. हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठी असलेल्या जिल्ह्याच्या सरकारी ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस राहायची सोयही होते. वकिलाच्या फीची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, क्रमांक १५१००. तुमच्या तालुक्यात सगळे ओळखीचे निघणार असतील तर थेट जिल्ह्याला जा. प्रशिक्षणाच्या किंवा पेपर तपासणीच्या निमित्ताने शिक्षिकेला जिल्ह्याला जावं लागतंच.

पैशाचं जरा सावकाश. पगाराचं खातं एकदम बदलू नका, त्याच महिन्यात कळेल. आधी कागद जमवा. आधार, पॅन, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्ड, विवाह नोंदणीचा दाखला, दागिन्यांच्या पावत्या, मिस्टरांची पगारपावती किंवा रिटर्नची प्रत. सगळ्यांचे झेरॉक्स मैत्रिणीकडे. अंगावरचे आणि लग्नातले दागिने तुमचे आहेत, लॉकर कुणाच्याही नावावर असो. लग्नातले फोटो त्यासाठी कामाला येतात, कुठला दागिना अंगावर होता ते दिसतं. पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात घालून दिलं आहे, त्यामुळे ‘माझ्याकडे काही नाही’ म्हणून सुटता येत नाही.

फोनबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून दुसरं कुठलं यंत्र जोडलंय का बघा. जोडलेलं दिसलं तर लगेच काढू नका, ते त्यांना कळेल. फक्त त्या फोनवरून यातलं काही बोलायचं नाही एवढं ठरवा. गुगलचं लोकेशन शेअरिंगही तपासा. हे उत्तर वाचून झालं की हिस्टरीतून एवढंच पान काढा, अख्खी हिस्टरी पुसली की तीच शंकेची जागा होते.

आणि ‘कधी कधी वाटतं, संपवून टाकावं’ ही तुमची ओळ मी वाचली आहे. ती मी हलक्यात घेत नाही. असं वाटेल त्या क्षणी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या क्रमांकावर बोला, मराठीत बोलता येतं. मार खाऊन खाऊन मन इथपर्यंत येतं. तुमच्यात काही कमी आहे म्हणून हे होत नाही, आणि यातून बायका बाहेर येतात, मी येताना पाहिल्या आहेत.

ते बदलतील का, हेही तुम्ही पत्रात विचारलंय. काही जण बदलतात. रडण्यावरून ते ओळखायचं नाही. खरा बदल असेल तर ते तिसऱ्या माणसासमोर, ‘पण तीसुद्धा बोलते’ असं शेपूट न जोडता, ‘मी मारतो’ म्हणतील. एकटे समुपदेशनाला जातील आणि तुम्ही विचारलं नाही तरी जात राहतील. एटीएम कार्ड तुमच्या हातात देतील आणि पासबुक मागणार नाहीत. तुम्ही मैत्रिणीकडे दोन तास गेलात तर त्याचा हिशोब संध्याकाळी निघणार नाही. आणि विशेष कक्षात लेखी हमी द्यायची वेळ आली तर अपमान झाला म्हणून घरी येऊन तुमच्यावर काढणार नाहीत. यातलं काही न होता नुसती साडी आणि गजरा येत असेल तर तो बदल नव्हे.

पहिला फोन घरून करू नका. १८१ ही महिला हेल्पलाइन चोवीस तास चालते. शाळेच्या मधल्या सुट्टीत, ज्या सहकारी बाईंवर तुमचा विश्वास आहे त्यांच्या फोनवरून लावा. नाव सांगायची इच्छा नसेल तर सांगू नका, ‘मला फक्त माहिती हवी आहे’ एवढ्यावरही त्या बोलतात. जिल्ह्याच्या सखी केंद्राचा आणि संरक्षण अधिकाऱ्यांचा पत्ता तिथेच विचारून घ्या, आणि तो त्या बाईंच्या वहीत लिहून ठेवा, तुमच्या नाही.